मी पास केलेला दगड

आमच्या घरात दुपारी साडेतीनला मी एकटा नसतो. एवढी एक गोष्ट सोडली तर मला कशाचं भय वाटत नाही.

साडेतीन म्हणजे आमची पहिली शिफ्ट सुटायची वेळ. मला रिटायर होऊन अकरा वर्षं झाली. भोसरीतलं ते शॉप बंद पडलं, तिथं आता कुरिअरचं गोडाऊन आहे. पण घड्याळात साडेतीन झाले की माझ्या डाव्या खांद्यामागं कुणीतरी येऊन उभं राहतं. मान वळवायची नाही, हे मी शिकलोय. वळवली तर तिथं सुनेच्या कुंड्या आणि इस्त्रीचं टेबल. न वळवता बसलो तर तो असतो. माझा जोडीदार. एकाच मशीनवर पहिल्या शिफ्टला मी आणि दुसऱ्या शिफ्टला तो, अशी आमची चौदा वर्षं गेली. रोजची भेट दहा मिनिटांची. मी हात धुवायचो, तो कपडे बदलून माझ्या मागं येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "दादा, वाजिवला का?"

आता पण तेवढंच विचारतो.

मी चौथी शिकलोय. हे लिहिणं माझं मीच करतोय. सून म्हणाली, तुम्ही सांगा, मी टाइप करते. मी नको म्हटलं. चुकलं तर माझ्या हातून चुकू दे.

काय वाजवायचं ते आधी सांगतो. ग्राइंडिंग मशीनला एक गोल चाक असतं, मोटारसायकलच्या चाकाएवढं. आम्ही त्याला दगडच म्हणायचो. मिनिटाला हजारावर फेरे घेतो आणि लोखंड असं गुळगुळीत करतो की त्यात तोंड दिसावं. पण शेवटी दगडच तो. ट्रकमध्ये कुठं आपटला, कुणी फरशीवर टेकवताना हिसका दिला, की आत केसाएवढी चीर जाते. डोळ्याला ती दिसत नाही. दगड जोरात फिरला की चीर पसरते, आणि मग दगड फुटतो. बंदुकीसारखा फुटतो. म्हणून नवा दगड चढवायच्या आधी तो पाइपवर टांगायचा आणि लाकडी दांड्यानं हलका टोला द्यायचा. एक इकडं, एक तिकडं, मग दगड थोडा फिरवून पुन्हा दोन. चांगला दगड घंटेसारखा बोलतो. चिरलेला मडक्यासारखा. आणि काही असतात मधले. ते ओळखायला कान लागतो.

तो कान माझ्याकडं होता. असं सगळे म्हणायचे, आणि सगळ्यांत जास्त मी म्हणायचो.

माझ्या उस्तादांनी मला सहा महिने मशीनला हात लावू दिला नव्हता. नुसते दगड वाजवायला लावायचे. स्टोअरच्या मागं त्यांनी एक चिरलेला दगड मुद्दाम जपून ठेवला होता. कसा, तर आपण घरात एखादी देवाची वस्तू जपतो तसा, पोत्यात गुंडाळून. मला डोळे मिटायला लावायचे आणि कधी चांगला वाजवायचे, कधी तो. म्हणायचे, "खालचा सूर दोघांचा सारखाच येईल, त्याच्यावर जाऊ नको. वरची किणकिण ऐक. बारीक आहे, सुईसारखी. ती सावकाश विझली तर दगड जिवंत. लगेच मेली तर दगड मेलेला." पहिले दोन महिने मी चुकलो आणि डोक्यात टपल्या खाल्ल्या. नंतर एकदाही चुकलो नाही. उस्ताद गेले तेव्हा त्यांचा लाकडी दांडा माझ्याकडं आला. पुढं साऱ्या शॉपचे दगड माझ्याकडं यायचे. मी टोला दिला, मान हलवली, "पास" म्हटलं, की इंजिनिअर झालेली पोरंसुद्धा पुन्हा विचारायची नाहीत.

उस्तादांकडं यायच्या आधी मी नऊ वर्षं फोर्जिंग शॉपला हॅमरवर काढली होती. लाल लोखंडावर दिवसभर हॅमर पडायचा आणि आम्ही कानात चिंधी कोंबून उभे असायचो. हे मी शॉपमध्ये कुणाला सांगत नव्हतो.

आता तो दिवस. पंधरा-सोळा वर्षं झाली. जोडीदाराचा दुपारी फोन आला, मुलीच्या शाळेत बोलावलंय, अर्धा तास उशीर होईल. मशीनवरचा दगड झिजलेला होता. दगड बदलायचा तर एरवी मी नवा वाजवून, पास करून, मशीनशेजारी उभा करून ठेवायचो आणि तो आला की स्वतः चढवायचा. त्या दिवशी म्हटलं, बिचारा धावत येणार, त्याचं काम हलकं करू. मी दगड टांगला, वाजवला, चढवला, नट आवळले, एक मिनिट रिकामा फिरवून बघितला. सगळं नियमानं. तो घामाघूम होऊन आला आणि दगड चढवलेला बघून जरा थबकला.

"दादा, तुमीच चडिवलाव?"

"मग काय तुझ्यासाठी थांबू? लाव जॉब."

"वाजिवला का?"

"वाजवलाय, पास हाय. तुझं काय रोजचं ते एकच रडगाणं रं?"

तो हसला. मी कार्ड पंच करायला गेटकडं निघालो. कार्ड मशीनमध्ये घातलं आणि मागं आवाज झाला. तो आवाज ऐकायला कान चांगला असावा लागत नाही.

तो हॉस्पिटलपर्यंत पोचला नाही. एवढंच लिहितो.

नंतर चौकशी बसली. मला केबिनमध्ये बोलावलं. तिघेजण होते. त्यांनी विचारलं, दगड तुम्ही तपासला होता? मी ताठ उभा होतो. म्हणालो, "साहेब, मी वाजवून पास केलेला दगड आजपर्यंत फुटलेला न्हाई." त्यांनी आपसात बघितलं आणि लिहून घेतलं. दगड चांगला म्हणजे चढवणारा चांगला, मग राहिला कोण? कागदावर आलं, दगड लोखंडात नको तेवढा खोल घातला, ऑपरेटरने घाईत जादा कट घेतला. घाईत. कारण तो उशिरा आला होता. मी खाली सही केली, मराठीत, पूर्ण नावाची. सही करताना हात हलला नाही, याचाही मला तेव्हा अभिमान वाटला होता.

तेव्हापासून साडेतीनला तो येतो. मी त्याला रोज सांगायचो, वाजवला होता राव, चांगला बोलला होता, मी स्वतः ऐकला. त्याचं समाधान व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मग हळूहळू माझंच मला कळेना, की तो दगड खरंच बोलला होता, की मी मनात ठरवलेलं वाजलं होतं.

सून आमची कंप्युटरवाली. हिंजवडीच्या कंपनीत आहे पण आठवड्यातले तीन दिवस चिंचवडच्या घरातूनच काम करते. मुलगा चाकणला शिफ्टला, त्यामुळं दुपारी घरात आम्ही दोघंच. जेवणाच्या सुट्टीत ती काहीतरी टक टक लिहिते आणि मग कंप्युटरमधून सूर निघतात. कधी बासरीसारखे, कधी पाण्याच्या टाकीत बोलल्यासारखे. एकदा मी विचारलं, "हे काय वाजिवतीस?"

"वाजवत नाही बाबा, लिहितेय. ही एक छोटी भाषा आहे. हिच्यात लिहिलं की ते वाजतं."

"भाषा म्हणजे बोलायची?"

"बोलायची नाही. पंचवीस-तीस शब्द आहेत सगळे मिळून. बघा ना, ही एक ओळ म्हणजे एक सूर. पहिला आकडा, सूर किती बारीक. दुसरा, जोर किती. तिसरा, विझायला किती वेळ. अशा ओळी एकाखाली एक लिहायच्या, सगळ्या एकदम वाजतात."

मी खुर्ची ओढून बसलो. आमच्या कागदावर पण तेच असायचं. स्पीड किती, फीड किती, कट किती. तीन आकडे लिहिले की लोखंडाला आकार. इथं तीन आकडे लिहिले की हवेला आकार. मी म्हटलं, "याच्यात दगड वाजंल का?"

"कसला दगड?"

मग तिला सांगितलं. जोडीदाराचं नाही सांगितलं. उस्तादांचं, टोल्याचं, किणकिणीचं सांगितलं. ती हातातलं दही-भाताचं ताट तसंच धरून ऐकत बसली आणि म्हणाली, "बाबा, हे तर मस्तच आहे. करूया की." तिला तो खेळ वाटला. मला माहीत होतं मी कशाला बसलोय. ती वस्तू बनवायची, कानानं पुन्हा ऐकायची, आणि मागं उभा असतो त्याला म्हणायचं, घे, ऐक, आता तरी जा.

पण आधी हात बसायला उस्तादांचा चांगला दगड करायचा ठरवला. मला कीबोर्डवर अक्षरं सापडायला वेळ लागायचा. सून म्हणायची, "सरका, मी लिहिते." मी म्हणायचो, "हात लावू नको. मशीन ज्याचं त्यानं चालवायचं." ओळीच्या शेवटी एक टिंब आणि त्याखाली शेपटी असं चिन्ह द्यावं लागतं. ते विसरलं की सगळं मुकं, आणि खाली लाल अक्षरात काहीतरी येतं. पहिल्या दिवशी नुसती लाल अक्षरंच बघितली. ती हसली, "तुमचा दगड रिजेक्ट झाला बाबा."

"आपल्या आकड्यात खोट न्हाई. तुझ्या भाषेला नखरे लई."

चौथ्या दिवशी खालचा सूर बसला. सहाशे चाळीसवर ठेवला, अगदी तोच. त्याच्यावर दुसरी ओळ, पंधराशेच्या पुढची. ती पण बसली. मग किणकिण. ती तिसरी ओळ. सुनेनं सुचवलं, चार हजाराच्या पुढं असेल, सुईसारखी म्हणताय म्हणजे. मी लिहिलं, वाजवलं. नाही आली. जोराचा आकडा वाढवला. नाही आली. दुप्पट केला. "तुझं मशीन वरचं वाजिवत न्हाई," मी म्हणालो. मी आणखी वाढवला आणि वाजवलं, तर तिनं दोन्ही हात कानांवर घेतले आणि उठून भिंतीपाशी गेली. समोरच्या गॅलरीतलं कुत्रं उभं राहून भुंकायला लागलं. मी तिच्याकडं बघत होतो, कुत्र्याकडं बघत होतो, आणि माझ्या कानात फक्त खालचे दोन सूर गोल, शांत, विझत चालले होते.

तिनं पुढं येऊन ते बंद केलं. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला हे ऐकू नाही आलं?"

मी म्हटलं, "वय झालं. आज न्हाई येत. मान्य हाय."

"कधीपासून?"

"आत्ता आत्ता," मी म्हणालो. आणि तिच्याकडं न बघता उठलो.

जोराचा आकडा तिनं खाली आणला आणि किणकिणीच्या तीन ओळी तिनं आणि मी मिळून लिहिल्या. मी सांगायचो, पहिली अशी, दुसरी तिच्याहून पातळ, तिसरी सगळ्यात उशिरा विझायची. कानाला येत नव्हत्या पण डोक्यात लख्ख होत्या. उस्तादांच्या हाताखालचे सहा महिने तिथं तसेच ठेवलेले आहेत. पाच ओळी झाल्या. सून म्हणाली, "खरंच घंटा आहे हो." तिनं ते जपून ठेवलं. मग चिरलेला दगड केला. त्याच्या वरच्या ओळी टोल्याबरोबर मरायच्या, खालच्या दोन तशाच. तो पण ठेवला. मला ते दोन्ही दगड ऐकायला सारखे लागत होते. हे मी तिला बोललो नाही, पण तिला कळलं असावं. तिनं एकदा मुद्दाम नाव न सांगता एक वाजवला आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. मी म्हटलं, "चहा टाक."

मनाशी मात्र म्हणत होतो, आजचे कान आजचे. तेव्हाचे वेगळे होते. तेव्हा मी ऐकला होता.

मग त्या दिवसाचा दगड करायला बसलो. तिला म्हटलं, हा मी एकटा करणार, तू तुझ्या मीटिंगा कर. तिनं स्वतःचा जुना लॅपटॉप मला काढून दिला. मी गॅलरीत बसायचो. डोळे मिटून शॉपमध्ये जायचो. टांगलेला पाइप, त्याला गुंडाळलेलं चिंधूक, दगडाचा राखाडी रंग, दांडा हातात. टोला. काय आलं? जे आलं ते लिहायचं, एक अक्षर जास्त नाही. उस्तादांची आण घालून बसलो होतो, की मनाचं काही घालायचं नाही. या भाषेचं एक बरं आहे, ती तोंड बघून बोलत नाही. लिहाल तेवढंच वाजवते.

पहिली ओळ लगेच आली. दुसरीला तीन दिवस गेले, कारण तो सूर विझताना किंचित थरथरायचा आणि ती थरथर कशी लिहायची ते मला येत नव्हतं. शेवटी दोन जवळचे आकडे थोडे मागंपुढं करून जमली. मग वाजवलं. तोच. तोच टोला. त्या दुपारचा उजेडसुद्धा आला त्याच्याबरोबर, आणि दगडावर सोडायच्या कूलंटचा वास. मी वीस वेळा वाजवला असेल. गोल आणि भरलेला होता, कुठंच कड नाही. घड्याळ बघितलं तर साडेतीन. खांद्यामागं तो होता. त्या दिवशी त्यानं विचारलं नाही. नुसता उभा राहिला, मशीनवर चढवलेला दगड बघून थबकला होता तसा.

मी सुनेला हाक मारली. "ये, ऐक. झाला."

ती आली, पण तिनं ऐकायच्या आधी वाचलं. आजकालची माणसं आधी वाचतात. स्क्रीनवर वाकली आणि म्हणाली, "बाबा, वरच्या ओळी राहिल्यात."

"राहिल्या न्हाईत. नव्हत्या."

"म्हणजे हा चिरलेला दगड आहे?"

"चांगला हाय. मी पास केलेला हाय."

"मग वरचे सूर हवेत ना? तुम्हीच म्हणालात, त्याच्यावरूनच तर ओळखायचं. उस्तादांच्या दगडाला पाच ओळी आहेत." ती बोलता बोलता थांबली. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि खाली बसली. "हा कुठला दगड आहे, बाबा?"

मी त्या स्क्रीनकडं बघत होतो. माझ्या हातानं, आण घेऊन लिहिलेलं होतं. उस्तादांचा दगड मी तरण्या कानानं ऐकला होता, म्हणून आजही डोकं तो सगळाच्या सगळा देत होतं. आणि त्या दिवसाचा दगड डोक्यात होताच एवढा. वरचं कधी आतच आलं नव्हतं तर निघणार कुठून? तो दगड चांगला असेल, वाईट असेल, देवाला माहीत. त्यानं किणकिण केली असती तरी मला ऐकू आली नसती, केली नाही तरी कळलं नसतं. मी काहीच तपासलं नव्हतं. मी दांडा मारला आणि मान हलवली. आणि मला ते तेव्हा माहीत होतं. पक्कं नाही, पण माहीत होतं. पाच-सात वर्षं तरी मी किणकिणीची वाट बघणं सोडून दिलं होतं. खालचा सूर बरा आला की पास म्हणायचो, आणि इतकी वर्षं काही फुटलं नाही म्हणून स्वतःला उस्ताद समजायचो.

आठ दिवस मी सुनेशी धड बोललो नाही. लॅपटॉप परत देऊन टाकला. ती बिचारी जेवण वाढताना सुद्धा आवाज करत नव्हती. नवव्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, जोडीदाराचं, सहीचं. तिनं शेवटी एवढंच विचारलं, "त्यांच्या घरी कोण आहे?"

काळेवाडीत त्याची बायको आहे. साड्यांना फॉल लावायचं, पिको करायचं दुकान आहे तिचं, गल्लीच्या तोंडाशी. इतक्या वर्षांत मी फक्त दोनदा गेलो होतो, एकदा दहाव्याला, एकदा मुलीच्या लग्नाला. दोन्हीकडं तिचा दीर भेटला. लातूरकडचा माणूस, बोलायला मोकळा. दोन्ही वेळा पंगतीत चार माणसांत म्हणाला, भाऊ चांगला होता पण धांदरट, घाईनं जीव घालवला. मी शेजारीच जेवत होतो.

रिक्षानं गेलो. सून येते म्हणाली, नको म्हटलं. दुकानात दोन बायका साड्या घेऊन थांबल्या होत्या. वहिनी मशीनवर होत्या. मला बघून उठल्या, पदर घेतला.

"भाऊजी! बसा, बसा. लई दिसांनी आलाव. पाणी घ्या."

मी बसलो नाही. मला वाटलं होतं वहिनी एकट्या असतील. त्या दोन बायका जाईपर्यंत थांबावं असं मनात आलं, आणि लगेच कळलं की थांबलो तर आज पण परत जाईन. उभ्यानंच सांगितलं. दगड मी वाजवला होता पण मला ऐकू येत नव्हतं, तरी मी पास म्हटलं, आणि चौकशीत छाती काढून खोटं बोललो. तुमच्या मालकांचा कसूर नव्हता. मला वाटलं मी हळू बोलतोय. त्या दोन बायकांनी पिशव्या छातीशी धरल्या होत्या आणि समोरच्या किराणावाल्यानं मान बाहेर काढली, त्यावरून कळलं की मी ओरडत होतो.

वहिनींनी मशीनचं बटण बंद केलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमाला ऐकू येत न्हाई ते त्यांना ठावं हुतं, भाऊजी."

"कुणाला?"

"ह्यांना. दोन वर्सं आधीपासून. घरी आले की सांगायचे, दादांचा कान गेला, मागून हाक मारली तर वळत न्हाईत. तुमी घरी गेलाव की तुमचा पास केलेला दगड ते पुन्ना टांगून वाजवून बगायचे. मग चडवायचे."

स्टूल होतं, त्याच्यावर बसलो. चढवलेला दगड वाजवता येत नाही. नट आवळले की तो मुका होतो. तो थबकला होता. तुमीच चडिवलाव, म्हणाला होता. उतरवून पुन्हा वाजवायला माझ्यासमोर काढला असता तर सगळ्या शॉपला कळलं असतं की दादांच्या कानावर याचा भरवसा नाही.

"मला सांगायचं व्हतं की त्यानं," मी म्हणालो.

"तुमाला?" वहिनी म्हणाल्या. "मी म्हणलेवते त्यांना, सांगा म्हणून. तर म्हणले, अगं, त्या माणसाकडं दुसरं काय हाय? दगड वाजिवतो म्हणून तर ताठ चालतो."

थांबलेल्या दोघींपैकी म्हातारी होती ती पुटपुटली, "अगं बाई." मला ते दिसलं, ऐकू आलं नाही.

मग वहिनींनी फोन उचलला. मी विचारलं, कुणाला लावता? त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? मला ठावंच हाय की ते धांदरट नव्हते. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा. तिकडं सगळं गाव तसंच म्हणतंय. माझी पोरगी सासरी तेच ऐकती." फोन स्पीकरवर टाकून शिलाई मशीनच्या पाट्यावर, कातरीशेजारी ठेवला. पलीकडं त्यांचा दीर होता. त्यांनी सांगितलं, ह्यांचे जोडीदार आलेत, तुमाला काहीतरी सांगायचंय.

मी सांगितलं. घाई नव्हती, जादा कट नव्हता, दगड मी न ऐकता पास केला होता, आणि सहीसुद्धा माझीच होती.

पलीकडनं काहीतरी आलं. मला फोनवरचं कळत नाही. वहिनींनी मोठ्यानं सांगितलं, "ते म्हणतेत, पारावर हायत ते. माणसं बसलीत. परत सांगा म्हणतेत, सगळ्यांना ऐकू द्या."

दुकानासमोर आता पाच-सहा जण उभे होते. किराणावाला बाहेर आला होता. वहिनी माझ्याकडं बघत होत्या, त्या बघण्यात राग नव्हता आणि माफी पण नव्हती, त्या नुसत्या थांबल्या होत्या. मी फोनच्या जवळ वाकलो, आधी माझं नाव सांगितलं, मग शॉपचं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.